सागाच्या झाडाची पेटी

आमच्या पक्षाला एकच गोष्ट बोलता येत होती: वेगळा विदर्भ. सभेत तेच, पत्रकात तेच. आणि निशाणी कोणती घ्यावी, तर सागाचं झाड! पक्ष चालवणाऱ्या चांद्याच्या वकिलांना साग म्हणजे आपल्या जंगलाची शान वाटायची. त्यांच्या बैठकीत तो खुर्च्या होऊन बसलेला होता, त्यांचं काय जातं?

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात साग म्हणजे सरकार. स्वतःच्या बांधावरचा तोडला तरी जंगलखात्याचा नाकेदार दारात उभा. तेव्हा मतदानाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, वर निशाणी चिकटवलेली. लोकांनी साग पाहिला आणि ती जंगलखात्याची पेटी समजून दुसरीकडे वळले. आम्ही सपाटून हरलो.

त्याच उन्हाळ्यात आमचा नांगर मोडला. बाबांनी बांधावरचा एक साग पाडला. नाकेदार लाकूड घेऊन गेला, वर कुऱ्हाडही. धानाची पेरणी तोंडावर, आणि बाबा रिकाम्या हातानं ओट्यावर बसलेले. आईनं भिंतीवरचं आमच्या पक्षाच्या सागाचं चित्र काढून माझ्या हातात दिलं.

"हे घरात नको ठेवू. तुह्या बापाले नांगर देते काय तुहा विदर्भ?"

मी चित्र गुंडाळून काखेत मारलं. तसाच तणतणत चांद्याला बैठकीला गेलो. आईचं बोलणं सांगितलं आणि म्हटलं, नाव बदला, निशाणी बदला. आधी नांगराचं, घराचं लाकूड मागा. राज्याचं मग बोलू. नुसत्या राज्याचं नाव काढलं की गावातली म्हातारी माणसं विचारतात, जुने मालगुजार परत गावाचे मालक होऊन राह्यले काय?

अध्यक्षांनी पानाचा विडा तोंडात सारला. म्हणाले, "नावात आमचा स्वाभिमान आहे. लाकूडफाट्यासाठी पक्ष काढला नाही आपण. तुमच्या आईंना नीट समजावून सांगा."

"आईच मले समजावून राह्यली," मी म्हणालो. सगळे हसले. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

नाव तेच राहिलं, झाडही तेच. पुढच्या निवडणुकीत आमच्या गावातली सागाची पेटी उघडली, तर आत एकही मत नव्हतं. अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं, निदान तुमचं तरी कुठे गेलं?

मी म्हणालो, "नांगर आणाले."