कपाटात न मावलेली वर्षं

माझ्या पहिल्या नोकरीच्या हुकुमावर पदाचं नाव 'कॉम्प्युटर' असं लिहिलं होतं. आज हे सांगितलं की नातवंडं हसतात. पण साठच्या दशकात अकोल्याच्या कापूस-फार्मवर कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, आणि तिथला तो माणूस मी होते. अमरावतीला मॅट्रिक होऊन आलेली, जठारपेठेत मामाच्या घरी राहणारी, एकोणीस वर्षांची आणि तोंडानं फटकळ. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर घरात सरकारी नोकरी मिळवणारी मी पहिलीच. म्हणून मामा रोज सकाळी बजावायचा, "सायबासमोर तोंड आवरजो." मी मान डोलवायची आणि फार्मचं फाटक येईपर्यंत विसरून जायची.

मला एक टेबल, हँडल फिरवून गणित करायचं एक यंत्र आणि एक लोखंडी कपाट दिलं होतं. यंत्र बेरीज-गुणाकार झकास करायचं, पण त्याच्या पोटात एका वेळी एकच उत्तर राहायचं. दुसरं गणित मांडायचं तर पहिलं उत्तर आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर ते गेलंच. कपाटाचीही तीच गत. कपाशीच्या प्रत्येक ओळीची बोंडं मोजून लिहिलेल्या निरीक्षणाच्या वह्या त्यात ठेवायच्या. पहिल्या वर्षी नव्या वह्या आल्या तेव्हा दार लावताना मला गुडघ्यानं रेटावं लागलं.

दुसऱ्या वर्षी गुडघाही पुरेना. साहेब पुण्याकडचे, शिस्तीचे. त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाच वर्षांपलीकडच्या वह्या रद्दीत काढा. कपाट काही रबराचं नाही, बाई."

मी खरं तर काढल्याच असत्या. धूळ झाडून गठ्ठे बांधायलाही बसले होते. तेवढ्यात मजुरांवर देखरेख करणारे म्हातारे मुकादम दारात येऊन उभे राहिले. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांना बांधाला एक गावरान कपाशीचं झाड सापडलं होतं. त्याची सरकी त्यांनी जपली, आणि आधीच्या साहेबांनी प्रयोगाच्या शेतात त्यांना एक ओळ दिली. तेव्हापासून त्या ओळीत ते दुसऱ्या कुणाला निंदूसुद्धा देत नसत. आता नागपूरचे मोठे साहेब वार्षिक बैठकीला येणार होते आणि कोणत्या ओळी पुढे पेरायच्या, कोणत्या बंद करायच्या, हे ठरणार होतं.

"बाई, वह्या फेकून राहिल्या काय?" त्यांनी विचारलं.

"साहेबांचा हुकूम आहे."

"मंग माही ओळ गेली. या पाच वर्सात पानी मस्त आलं. मस्त पान्यात कोनतंई झाड नाचते. कोरड्या सालात कोन हुभं रायलं, ते त्याच वह्याईत हाय."

मी गठ्ठा सोडला आणि कोरड्या सालाची वही काढून पाहिली. म्हातारा खरं बोलत होता. बाकीच्या ओळींपुढे आकडे कसेबसे, काहींपुढे नुसतीच रेघ, आणि त्याच्या ओळीपुढे प्रत्येक वेचणीला बोंडं. कपाटात मावणाऱ्या पाच वर्षांची सरासरी काढली की तीच ओळ सगळ्यांत मागे पडत होती. मला संताप आला. जागा नाही म्हणून एखाद्याची जन्माची मेहनत खोटी ठरावी, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसेना.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. "सर, वह्या टाकू नका. जागा मी करते."

"कुठे?"

"सरकीच्या खोलीत. अर्धी रिकामीच असते."

"ते बियाण्याचं कोठार आहे, दफ्तर नाही." मग म्हणाले, "बरं. बैठकीपर्यंत ठेवा. पण मागितलेली वही मागितल्याबरोबर माझ्या टेबलावर आली पाहिजे. एकदा जरी शोधाशोध झाली, तर सगळा ढीग रद्दीत जाईल."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळवाला बसायचा. वरूडची संत्री त्याच्याकडे लाकडी पेट्यांतून यायची आणि रिकाम्या पेट्या मागे पडून असायच्या. मी नऊ मागितल्या तर तो म्हणाला, "काहून वं, संसार मांडतं काय?" मी म्हटलं, "हो, सरकारचा." मामानं त्या सायकलला बांधून फार्मवर पोचवल्या. पाच खेपा घातल्या आणि पाचही खेपांना मला शिव्या घातल्या.

ताज्या पाच वर्षांच्या वह्या कपाटात, जुन्या पेट्यांत, आणि कोणतं वर्ष कितव्या पेटीत याची एक यादी माझ्या टेबलाच्या खणात. पेट्यांना झाकणं ठोकली आणि वर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठ्यांसाठी मामीनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, किडामुंगी लागत नाही म्हणून. मी ते मामीला सांगितलं, तर ती पळी उगारून म्हणाली, "माह्या सैपाकाच्या भांड्यात इख कालवतं काय?" भांडं तिचं, चूल तिची, मी गप्प बसले. मी तोंड आवरलं ते नेमकं त्या एकाच दिवशी.

बैठक सोमवारी होती. शनिवारी दुपारी सहज खात्री करायला म्हणून सरकीच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. एकाही पेटीवर चिठ्ठी नव्हती. उंदरांनी खळीसकट सगळ्या फस्त केल्या होत्या. त्यात पेरणीची सरकी काढताना मजूर बायांनी पेट्या इकडच्या तिकडे सारलेल्या. खणातल्या यादीत कोरड्या सालापुढे 'पेटी सहा' असं लिहिलेलं होतं, पण त्या नऊ पेट्यांतली सहावी कोणती, हे मलाच ठाऊक नव्हतं. मी सरकीच्या पोत्यावर बसले आणि रागानं रडले. उंदरांवर, मामीवर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर.

मुकादम मागून आले. "कावून रडून राहिल्या?"

मी सांगितलं. त्यांनी पेट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्या आयतवार हाय. मी येतो. तुमी याल?"

"येते. अन् पेटी न् पेटी उघडते."

रविवारी सकाळपासून आम्ही लागलो. ते खिळे काढायचे, मी वही उघडून वर्ष पाहायची आणि यादीप्रमाणे लावायची. उंदरांनी दोन पेट्यांच्या फटींतून आतही तोंड घातलं होतं. कोरड्या सालाच्या वहीचा कोपरा कुरतडलेला दिसला तेव्हा मी तिचं पान न् पान उलटून पाहिलं, पण आकड्यांपर्यंत दात पोचले नव्हते. या वेळी चिठ्ठ्या नाहीत. शेतातल्या खुंट्यांवर नंबर घालायचा लाल रंग घेतला आणि प्रत्येक पेटीच्या चारी बाजूंना हाताएवढे आकडे काढले. मग पेट्यांखाली विटा लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बायांना बजावलं की या पेट्या हलवायच्या तर आधी मला हलवा.

सोमवारी मोठे साहेब आले. ओळीमागून ओळ वाचली जात होती. मुकादमांच्या ओळीवर आमचे साहेब म्हणाले, "पाच वर्षांची सरासरी सगळ्यांत कमी. बंद करावी."

"सर, कोरड्या सालाची नोंद आहे," मी म्हटलं. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"कुठे आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला थांबले नाही. पदर खोचून अंगण ओलांडलं, सहावी पेटी उघडली आणि वही आणून टेबलावर ठेवली. कुरतडलेला कोपरा पाहून मोठ्या साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग ते म्हणाले, "वाचा." मी उभ्यानं ते पान वाचलं, एकेक वेचणी, एकेक आकडा. आवाज मी पडू दिला नाही.

ओळ राहिली. येत्या पेरणीला हलक्या जमिनीत तिच्या चार ओळी लावा, असं ठरलं. आमचे साहेब मला एवढंच म्हणाले, "पेट्या असू द्या तिथेच."

बाहेर आले तर मुकादम खिडकीखाली व्हरांड्यात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ओळीबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "बाई, इतकी वर्सं मी वावरात हुभा राहून बोंडं मोजली अन् आकडे सांगतले. बाबू लोकं मान खाली घालून लिवत. मले तं वाचता येत नाई. खरंच लिवते का नुसती पेन्सिल हलवते, मले काय मालूम? आज तुमी वाचले, तं सारे माहेच आकडे होते."

मी त्यांना सरकीच्या खोलीत नेलं, पोत्यावर बसवलं, पहिली पेटी उघडली आणि पहिल्या वर्षापासून त्यांची ओळ वाचायला लागले.