आत्याची दुसरी सून

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. खालापूरजवळच्या आमच्या गावातून तिने मला कळंबला सून म्हणून नेलं, तेव्हा दोन्ही घरं खूश होती. मीही होते, खोटं कशाला सांगू.

मुलगी झाली. ती हाकेला वळेना. मी तसं म्हटलं की आत्या पोरीला बसवलेल्या खाटेच्या कडेवर ताट आपटायची. हादऱ्याने पोर वळली की म्हणायची, "बघ, ऐकतंय की गं. आपल्यात पोरं उशिरानंच बोलतात." त्या ताटापायी माझ्या मुलीची दोन वर्षं फुकट गेली. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी मुंबईत तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर आमचं सगळं खानदान काढून दाखवलं. आतल्या कानाचा दोष आजोबांकडून नाहीतर आजीकडून खाली आला होता. आत्याकडून माझ्या नवऱ्यात, वडिलांकडून माझ्यात. एकाच बाजूने आला तर कळतही नाही. दोन्हीकडून आला की मूल बहिरं, आणि आम्हा दोघांना प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढा धोका. घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "तूच ग्रहणात कायतरी चिरलं असशील."

आणि यंदा तिने धाकट्या दिरासाठी माझ्याच बहिणीला मागणी घातली. मी वडिलांना म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा, मग काय ते ठरवा.

"नात्यात असलं तपासत नाय गं," वडील म्हणाले. "लोक काय म्हनतील?"

सुपारी फोडायच्या दिवशी मी पाहुण्यांसमोर रिपोर्ट घेऊन उभी राहिले. आत्या फणकारली, "आमच्या घराला खोट लावतेस?"

माझा तोल गेला. "एक झालंय तेवढं बस. हिच्यासारखं पोर माझ्या बहिणीच्या पदरात नको."

मग बहीणच म्हणाली, "रक्त तपासल्याबिगर सुपारी फुटनार नाय." वडिलांनी मान खाली घातली. मी जिंकले होते.

माझी मुलगी समोर बसली होती. पाच वर्षांची, कानात मशीन, नजर माझ्या तोंडाकडे. ओठांवरून बोलणं ओळखायला मीच तिला शिकवलंय, रोज आरशासमोर बसवून.

"आई, मी नको?" तिने विचारलं.

मला जागचं हलता येईना. तिला आत्याने उचलून घेतलं.