लीव्ह म्हणजे सुट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जमतंय म्हणा.

सगळं एका शब्दाचं आहे — लीव्ह. गेली दहा वर्षं मी बालाघाटात इंग्रजी शिकवते, आणि दरवर्षी हा शब्द फळ्यावर दोनदा लिहिते. पोरं म्हणतात, बाईंना या शब्दाचं काय वेड आहे कोण जाणे. वेड कसलं डोंबलाचं!

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वॉर्डात पोरींना शाळेत घालायची हौस आली, पण मॅट्रिकपर्यंत टिकले मी एकटी. तीही सुखदेवमामांमुळे. सख्खे नव्हेत, शेजारचे. मँगनीजच्या खाणीत कामाला. आठवीनंतर बाबांनी माझं लग्न काढलं, तर हे आमच्या दारात बसून राहिले — पोरीले शिकू दे, नाहीतर मी उठत नाही. बाबा काय करणार?

माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्याच महिन्यात मामांची आई तुमसरला आजारी पडली. खाणीत नवा साहेब आलेला, त्याला इंग्रजीतच अर्ज लागे. मामा माझ्याकडे आले. पंधरा दिवसांची सुट्टी हवी होती. मी तर तेव्हा हवेतच! कोश उघडायची गरज काय? झरझर लिहिलं — आय वॉन्ट टू लीव्ह फ्रॉम मंडे. माय मदर इज सिक. पंधरा दिवस लिहायचे राहूनच गेले. मामांनी अंगठा लावला.

आईला बरं वाटल्यावर मामा परतले, तर हजेरीत नाव नाही. खाणीच्या ऑफिसातला बाबू म्हणाला, तुम्हीच तर लिहून दिलं नोकरी सोडतो म्हणून. पण माणूस चांगला होता तो. अर्ज परत दिला आणि सांगितलं, लिहिणाऱ्याची चूक असेल तर त्याला शनिवारच्या आत घेऊन या, साहेबासमोर कबूल केलं की काम परत मिळेल.

मामा तो कागद घेऊन आमच्या अंगणात आले. माझ्या आईपाशी चार बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"पाय बरं पोरी, यात का लिवलं हाय? बाबू म्हनते, चूक हाय."

मी वाचलं. पहिल्याच ओळीत दिसलं — टू. तेवढा एक टू नसता, तर सुट्टी. आहे, म्हणून नोकरी सोडली. आणि त्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वॉर्डातली पहिली मॅट्रिक पोरगी! चुकलं म्हटलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस हसल्या असत्या. बस, एवढंच ना?

"बराबर हाय, मामा," मी म्हटलं. "लीव्ह म्हंजे सुट्टी. बाबूलेच इंग्रजी येत नाही."

समजून-उमजून बोलले मी हे. मामा जाऊन बाबूशी कडाकडा भांडले — माह्या पोरीची चूक काढतो? शनिवार आला, गेला. मी घरातच होते. खाण सायकलने अर्ध्या तासावर. पुढे मामांनी राइस मिलमध्ये पोती वाहिली, शेवटपर्यंत.

नंतर ट्रेनिंगला असताना मी जाड कोशात तो शब्द शोधला. ते मुळात दोन वेगळे शब्द निघाले हो! सुट्टीचा लीव्ह म्हणजे परवानगी. त्याचं मूळ जिवलग, लाडकं अशा अर्थाच्या जुन्या शब्दाशी जाऊन भिडतं. सोडण्याचा लीव्ह निराळाच — मागे ठेवणं, उरू देणं. नुसतं रूप सारखं झालं. वाचून मला बरं वाटलं — खुद्द इंग्रजांच्या भाषेतच घोळ, तर माझी काय कथा? मग स्वतःचीच शिसारी आली. घोळ शब्दाचा असेल. अंगणात खोटं तर मी बोलले. आणि आपली छुट्टी तरी काय वेगळी? मिळते तीही छुट्टी, नि कामावरून काढतात तीही छुट्टीच.

मामा मागच्या वर्षी गेले. त्याच्या आधी नातीला माझ्या वर्गात घालायला स्वतः आले होते, पाठीतून वाकलेले. तिला म्हणाले, "बाईचं आयकत जा. हिची इंग्रजी एका बाबूनं चूक म्हनली होती. तोच खोटा निंगाला. हाय का नाही, पोरी?"

ती पोरगी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हौ, मामा."