कोपरावर चालणारा लेझर

प्रयोगशाळेत तिला सगळे कानपिळी म्हणत. तिचं कामच तसलं. केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूचं एक कडं, त्यात लेझरचा उजेड गरागरा फिरायचा, आणि कड्यावर बसवलेल्या कानांसारख्या तीन चकत्या. त्या पिळत बसायचं. बरोबर पिळल्या, की सलग वाहणारा उजेड तुटून ठोके द्यायला लागे आणि पडद्यावर टोकदार रेघांची रांग उभी राही. चुकल्या, तर पडद्यावर नुसतं गवत, म्हणजे वेड्यावाकड्या रेघांचा गचका.

आई म्हणायची, "एवढं शिकून कान पिळायलाच शिकलीस ना? ते मी घरात फुकट शिकवलं असतं."

पण कडं नव्या जावयासारखं. तंतूला कुणाचं बोट लागलं, की रुसलंच. ठोक्यातला उजेड इतका दाट, की काचेची चाल बदलायची. आणि बदललेली काच उलट उजेडालाच वळण लावायची. दोघं एकमेकांना बिघडवत संसार करायचे, नवरा-बायकोसारखे.

शेजारच्या गटाच्या म्होरक्याचा, ज्याला सगळे बोका म्हणत, तिच्या टेबलावर डोळा होता. प्रयोगशाळेच्या सरांनी तिला सरळ सांगितलं, "उद्या तपासणीला पाहुण्या बाई येतायत. ठोके टिकले नाहीत, तर टेबल त्याचं."

सकाळी तिनं कान पिळले. रांग उभी राहिली. ती उठून पंखा बंद करायला गेली, तर मागे गवत. येऊन बसली, तर रांग हजर. पुन्हा उठली, पुन्हा गवत. मग तिची नजर डाव्या कोपराकडे गेली. कड्याच्या खोक्याच्या झाकणावर कोपर रेलून बसायची तिची सवय. झाकण दबायचं, खालचा तंतू दबायचा. म्हणजे आजवर तिनं जे कान पिळले, ते कोपर टेकवून पिळले होते! लेझरला कान तीन नव्हते, चार होते, आणि चौथा तिच्या बाहीत.

नव्याने पिळायला वेळ कुठला? पाहुण्या बाई दारातच होत्या, मागे सर आणि बोका. सगळे उभे राहिले. ही गल्ल्यावरच्या शेठजीसारखी रेललेलीच.

"अगं ऊठ की!" सर दातओठ खात पुटपुटले.

"उठता येत नाही, सर."

"पाय मुरगळला?"

"पाय ठणठणीत आहे. कोपर कामावर आहे."

बोका खिदळला. "बघा! हिचं यंत्र माणसाच्या हाडावर चालतं!"

पाहुण्या बाई म्हणाल्या, "उठा बरं जरा." ती उठली. गवत. बाईंनी स्वतःचं कोपर ठेवून पाहिलं. गवतच. सरांच्या हाडकुळ्या कोपरानं रेघा आल्या, पण ठेचकाळत, जोडीजोडीनं. बोक्यानं बाही सरसावून कोपर टेकवलं, तर झाकण कुरकुरलं आणि रांगेची नुसती टेकडी झाली. ती बसली, रांग ताठ उभी राहिली ती हललीच नाही. बाईंनी चांगला वेळ टक लावून पाहिलं.

"टिकतायत की," त्या म्हणाल्या आणि बोक्याकडे वळल्या. "तुम्हाला टेबल हवं होतं ना? मग ह्या बाईंसकट घ्यावं लागेल."

बोका कधीकाळी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता. तिच्या कोपराच्या ढुशा खाल्लेले ते दिवस तो विसरला नव्हता.

"नको, नको," तो घाईघाईनं म्हणाला, "टेबल राहू द्या तिलाच."

सर म्हणाले, "पुढच्या तपासणीपर्यंत कोपराच्या जागी स्क्रू बसव."

"बसवते. आता उठू का? मुंग्या आल्यात."

"थांबा," पाहुण्या बाई फोन काढत म्हणाल्या, "ह्या चौथ्या कानाचा फोटो राहिलाय."