झीनतची अकरा मिनिटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुला सांगतेय, पण मध्ये बोलू नकोस हं. एकदा थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही मी.

अंधेरीतल्या एका मुलींच्या मदरशात मी गणित शिकवायचे. मुली तिथेच राहायच्या. मी जालन्याकडची बौद्ध बाई, तरी सगळ्यांची बाजी, म्हणजे मोठी ताई. दुपारच्या नमाजानंतर माझा तास — हिरवे पडदे, घरघरणारा पंखा, अगदी छपरावरून उतरणारी विमानं. त्या हिरव्या उजेडात आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळायचं नाही. काय सुख होतं गं त्यात!

ट्रस्टींनी मला ठेवलं होतं ते टॅबसाठी. कुठली मुलगी टॅबवर किती मिनिटं धडे बघते, त्याचा तक्ता दर महिन्याला त्यांच्याकडे जायचा.

झीनत महाडकडची. धडा एकदाच बघायची, की टॅब बंद! मग सहाजणींना समोर बसवून, कुराण पाठ करताना झुलतात तशी झुलत, तोच धडा मोठ्याने म्हणायची. एकेकीकडून म्हणवून घ्यायची. त्यांचे टॅब बाजूला नुसतेच चालू असायचे. आधीचा सबक, म्हणजे पाठ, बिनचूक म्हणून दाखवल्याशिवाय पुढचा नाही — ही तिथली रीत, तिने ती वर्गमुळालासुद्धा लावली! ऐकता ऐकता मला गुंगी यायची. मुली शिकल्या त्या तिच्याकडून. माझ्याकडून? छे.

मग दहावीच्या परीक्षेला कुणाला बसवायचं, ते ठरवायची वेळ आली. ट्रस्टी तक्ता घेऊन बसले. झीनतची महिन्याची मिनिटं — अकरा.

"हिला शिकायची गोडी नाही का?"

एक वाक्य बोलायला काय झालं होतं मला? पण मग कळलं असतं, की या वर्गात टॅबकडे कुणी बघतच नाही. मग टॅबवाली बाजी तरी कशाला हवी? माझी तंतरली, दुसरं काय.

"नाही," मी म्हणाले. "तिला गोडीच नाही."

तिचं नाव कापलं. परीक्षाच नाही तर ठेवायची कशाला, म्हणून वडील न्यायला आले. बॅग दाराशी ठेवून ती माझ्याकडे आली.

"बाजी, मी टॅब जास्त बघायला हवा होता ना? माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं. माफ करा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "जा. केलं माफ."