शिंदेचे शेवटचे शब्द

निवृत्तीनंतरचं माझं पोस्टिंग परदेशात, स्टॅनमोरला. मुलगी इथे हॉस्पिटलात डॉक्टर, हुकूम तिचाच. ०७०० चहा. मंगळवारी कौन्सिलचे कचऱ्याचे बिन बाहेर काढणे. ११०० शेजारच्या दुशानकडे कॉफी.

दुशान मॉन्टेनेग्रोचा कादंबरीकार. तरुणपणी त्याला सक्तीने लढाईत धाडलं. तिथून सुटून तो इकडे आला आणि त्याने युद्धावर सहा जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. मी पलटणीत सिग्नलचा हवालदार, वीस वर्षं वायरलेस सेट सांभाळलेला. म्हणून सातव्या कादंबरीतले लष्करी तपशील तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम कसलं, डोक्याला ताप. याचा सैनिक सेटवर दोन-दोन पानं बोलतो. "अहो, तेवढ्यात शत्रू जेवून येईल," मी म्हणालो. दुशानने ते वाक्यही वहीत टिपून घेतलं. शिपाई कॅप्टनला नावाने हाक मारतात. आठवड्यात माझं लाल पेन संपलं.

मग एका प्रकरणात शिंदे सापडला. नाईक शिंदे, माझा जोडीदार. त्याची हकीकत मीच बोलण्याच्या ओघात सांगून बसलो होतो, चूक माझीच. १३२०ला चौकीवर गोळाबारी सुरू झाली. शिंदे पुढच्या मोर्च्यात, मी मागे सेटवर. १३३५ला त्याचा मेसेज आला, "बॅटरी डाउन. बदलतोय. आउट." त्यानंतर मोर्च्यावर गोळा पडला. दुशानच्या कादंबरीत मात्र शिंदे मावळत्या सूर्याकडे बघत आईला आणि मातृभूमीला उद्देशून भाषण ठोकून मरतो. नावसुद्धा बदललेलं नाही.

माझं टाळकंच सटकलं.

"त्याची बायको साताऱ्यात आहे. त्याचे खरे शब्द मी तिला घरी जाऊन सांगितलेत. तिच्या पोरींनी हे वाचलं तर मी खोटा ठरेन. काढा हे."

"वाचकाला बॅटरी नको असते, हवालदार."

"वाचक गेला खड्ड्यात."

दुशानने कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "लढाईत माझा जोडीदार मिलान माझ्या शेजारीच पडला होता. मी हाका मारल्या. तो काही बोलला नाही. सहा पुस्तकांत मी त्याला सहा वेळा बोलायला लावलं. एकही बोलणं त्याचं वाटत नाही."

राग गेला नव्हता, पण माझा आवाज खाली आला. म्हटलं, "आमच्यात उत्तर आलं नाही, की लॉगमध्ये वेळ टाकून 'नथिंग हर्ड' लिहितात. शिंदेच्या बाबतीत मी ते सात वेळा लिहिलं. रडत होतो, तरी लिहिलं."

दुशानने शिंदेचं भाषण खोडलं. तिथे बॅटरीचं वाक्य लिहून मला दाखवलं. मग कोरा कागद ओढला. वेळ काय होती, हे मी विचारायच्या आत त्याचं लिहून झालं होतं.

मिलान. १७१०. नथिंग हर्ड.