तुझा हात ढिला पडलाय

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं मुलुंडला एका कोचिंग क्लासच्या खोलीत वाजवायला जमतो. क्लास ड्रमरच्या मेव्हण्याचा, त्यामुळे खोली फुकट. फळ्यावर आदल्या दिवसाची त्रिकोणमिती तशीच असते, बाकं भिंतीला ढकलायची आणि सुरू करायचं. ड्रमर इन्शुरन्स विकतो, गाणारा शाळेत भूगोल शिकवतो, आणि दुसरा गिटारवाला अंधेरीला आयटीत आहे. ह्या आयटीवाल्याला मी मनातल्या मनात जाणकार म्हणते. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. फिल्टर कॉफी, पाठदुखी, शेअर बाजार आणि अर्थातच आवाज. चौथी मी. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासते.

माझं स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे गिटारचा आवाज ज्यातून बाहेर पडतो ती दोन स्पीकरची जाड प्लायची पेटी, मी वांद्र्याच्या एका कुटुंबाकडून घेतलं होतं. ते कॅनडाला चालले होते. सेकंडहँड असलं तरी दणदणीत होतं. जाड तारांवर तळवा टेकवून वाजवलं की छातीत ठोसा बसायचा.

परीक्षांच्या दिवसांत क्लासची खोली दोन महिने मिळाली नाही. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी तोच ठोका मारला आणि पेटीतून काहीतरी बुळबुळीत बाहेर आलं. आवाज होता, पण त्याला बूड नव्हतं. पिठात पाणी जास्त झाल्यासारखं. मी थांबले. पुन्हा वाजवलं. तेच.

"तुझा उजवा हात ढिला पडलाय," जाणकार म्हणाला. त्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"दोन महिने प्रॅक्टिस नाही ना," ड्रमर म्हणाला.

"आणि या वयात बायकांची मनगटं दुखतातच. माझ्या मिसेसचंही तेच," गाणाऱ्याने भर घातली.

लॅबमध्ये कोणी रक्त न तपासता रिपोर्ट लिहिला तर मी त्याला उभा जाळीन. इथे तीन रिपोर्ट एका मिनिटात हातात पडले आणि मी काय केलं? सॉरी म्हटलं.

मग मी मनगटाचे व्यायाम सुरू केले. लॅबमध्ये दोन सॅम्पलच्या मध्ये स्माईली बॉल दाबत बसायचे. तारा बदलल्या. अँपची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करून पेटीला देणाऱ्या यंत्राची, सगळी बटणं एकेक करून फिरवली. जाणकार ग्रुपवर लांबलचक व्हॉइस नोट पाठवायचा. एकदा त्याने सांगितलं की पेटी जमिनीला टेकता कामा नये, म्हणून मी ती बाकावर चढवली. पुढच्या रविवारी म्हणाला, हवेत ठेवल्यावर बेस कसा येणार? मग आम्ही ती योगा मॅटवर उतरवली. तिसऱ्या रविवारी त्याने ती भिंतीपासून बरोबर दीड हात पुढे ओढायला लावली आणि स्वतः कोपऱ्यात डोळे मिटून उभा राहिला. "आता येतोय थोडा," म्हणाला. काहीही येत नव्हतं.

एकदा पेटी घरी आणून मी कमी आवाजात वाजवून बघत होते, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ह्यो तुझो डबो आधी कसो पखवाजासारखो घुमायचो गो. आता नुसतो खडखडता."

"माझा हात ढिला पडलाय म्हणतात."

"हात तुझो. आवाज डब्याचो," आई म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं याची लाज वाटली. पुढच्या रविवारी मी जाणकाराच्या कॅबिनेटला माझा अँप जोडला, माझीच गिटार, माझाच ढिला हात. खिडकीची काच थरथरली. मग त्याला म्हटलं, आता तू माझ्या पेटीवर वाजव. त्याने वाजवलं. बुळबुळीत.

"म्हणजे हात नाही," मी म्हणाले.

जाणकार जराही गडबडला नाही. पेटीवर टिचकी मारली, कान लावला. "प्लाय मेलंय," म्हणाला. "लाकूड म्हातारं झालं की आवाज धरत नाही. आता याला काही इलाज नाही. तुला अडचण होत असेल तर मी नेतो घरी. भंगारात जाण्यापेक्षा बरं."

मेलेलं लाकूड हा घरी कशाला नेतोय, एवढा प्रश्न मात्र मला पडला.

आमच्या लॅबमध्ये घरोघरी जाऊन रक्त घेणारी एक मुलगी आहे, गोवंडीची. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीत स्पीकर बनवतात ना. जयंतीच्या मिरवणुकीतले सगळे तिथूनच जातात. सांगून ठेवते तुमचं." शनिवारी मी अर्धी रजा टाकली, पेटी रिक्षात आडवी घातली आणि गेले.

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्पीकरमध्ये बसवायच्या कागदी कोनांची चळत, आणि गोंदाचा वास. एक पन्नाशीच्या बाई चष्मा नाकावर घेऊन एका भल्यामोठ्या स्पीकरच्या कडेला ब्रशने गोंद लावत होत्या.

"दादा कुठे आहेत?" मी विचारलं.

"कुठले दादा?"

"म्हणजे रिपेअर करणारे."

त्यांनी ब्रश डबीत ठेवला. "समोर बसलेत ते दादा," म्हणाल्या.

मी दुसऱ्यांदा सॉरी म्हटलं. हे मात्र अगदी योग्य ठिकाणी होतं. तीन पुरुषांनी मला न बघता निकाल दिला म्हणून मी महिनाभर धुमसत होते, आणि इथे दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या मी तेच केलं होतं.

त्यांनी ते मनावर घेतलं नाही, किंवा घेऊन झालं असावं. पेटी आडवी करून आधी मागच्या फळीवर हात फिरवला. "सोळा स्क्रूची जागा आहे. नऊच आहेत. त्यातले तीन नुसते फिरतायत. हवा इथून पळते." मग पुढची जाळी काढली, एक चौकोनी सेल घेतला आणि पेटीला जोडलेल्या वायरच्या टोकांना क्षणभर टेकवला. टप्प. "बघा."

मला काही दिसलं नाही.

"खाली वाका. कोनाकडे बघा." पुन्हा टप्प. वरचा स्पीकर पुढे आला. खालचा मागे गेला. "दिसलं? एक हवा ढकलतो, दुसरा ओढून घेतो. दोघं एकमेकांचं खातात. बाहेर काय येणार? आतली वायर कोणी बदलली?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोली मिळत नव्हती त्या दोन महिन्यांत पेटी जाणकाराकडे होती. आत परदेशी तांब्याची वायर टाकून देतो, आवाज उघडेल, असं तो म्हणाला होता. मी त्याला वर थँक्यूचा केकही नेऊन दिला होता.

"आमच्यातले एक जाणकार आहेत," मी म्हणाले.

"वायर चांगली आहे," बाई म्हणाल्या. "लावणाऱ्याला प्लस-मायनस कळत नाही एवढंच." त्यांनी खालच्या स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल केली, फळीच्या कडेने फोमची पट्टी चिकटवली आणि स्क्रू माझ्या हातात दिले. "लावा."

"मी?"

"माणसांच्या शिरेत सुई घालता म्हणे. मग लाकडाला काय घाबरायचं?"

सोळाच्या सोळा स्क्रू मी लावले. तेवढ्यात चहा आला. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. महिनाभर मी बॉल दाबत बसले होते.

रविवारी मी अँप जोडला आणि जाड तारेवर एकच ठोका मारला. फळ्याखालचा डस्टर घरंगळून खाली पडला.

"झकास!" ड्रमर ओरडला. "काय केलंस गं?"

माझ्याआधी जाणकारच बोलला. "मी म्हटलं होतं ना, त्या वायरला सेट व्हायला वेळ लागतो."

मी त्याला सगळं सांगितलं. सेल, पुढे येणारा कोन, मागे जाणारा कोन, गायब सात स्क्रू. तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"ते मुद्दाम होतं," तो म्हणाला. "ओपन साउंडसाठी करतात काही लोक."

"आणि स्क्रू?"

"पॅनलला श्वास घ्यायला जागा लागते."

एवढ्यात ड्रमर हातातल्या काठ्या खाली ठेवून उभा राहिला. "एक मिनिट, यार. दिवाळीत माझ्या हॉलमधल्या स्पीकरची वायर तूच बदललीस ना? बायको तेव्हापासून म्हणतेय सिरियलचा आवाज फाटल्यासारखा येतो. मी तिला म्हटलं, तुझे कान तपासून घे."

"मग घेतले का?" मी विचारलं.

"घेतले ना. कानवाल्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली."

गाणारा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी हसले नाही. मला ड्रमरच्या बायकोचा चेहरा दिसत होता, कानाला यंत्र लावून बंद खोलीत बसलेली, टीं वाजलं की बोट वर करणारी. तिनेही बहुधा कुठेतरी सॉरी म्हटलं असेल.

त्या संध्याकाळी ड्रमरच्या घरी जाऊन वायर मी सरळ केली. त्याच्या बायकोने टीव्हीचा आवाज मोठा केला आणि ती नवऱ्याकडे बघत राहिली. जाहिरात संपेपर्यंत तो चपला शोधत होता.

जाणकार अजून आमच्यात आहे. वाजवतो बरा, आणि त्याला काढलं तर त्याच्याइतका वेळेवर येणारा दुसरा मिळणार नाही. व्हॉइस नोट मात्र आता दोन मिनिटांच्या आत असतात. मागच्या महिन्यात एका रविवारी सगळे खाली उतरल्यावर तो मागे रेंगाळला.

"त्या गोवंडीच्या बाईंचा नंबर दे ना," हळूच म्हणाला. "माझ्या कॅबिनेटमध्येही मी तीच वायर टाकली परवा. थोडंसं... तसं काही नाही, पण थोडंसं."

"नंबर कशाला? इथेच उघडते. स्क्रू ड्रायव्हर आहे माझ्याकडे."

त्याने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघू. पुढच्या वेळी," म्हणाला आणि कॅबिनेटवर कव्हर चढवलं. तीन रविवार झाले. कव्हर काढतो, वाजवतो, पुन्हा चढवतो. त्याच्या बाजूने येणारा आवाज बुळबुळीतच आहे, आणि मी त्याला अजून एकदाही त्याच्या हाताबद्दल विचारलेलं नाही.